विजेची शेगडी, चुलीची सवय

पत्राचा आशय : सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणाऱ्या ५४ वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. घरात पती, ७९ वर्षांच्या सासूबाई आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा आहे. चार महिन्यांपूर्वी सासूबाई गॅसवर दूध ठेवून देवघरात जाऊन बसल्या. दूध उतू जाऊन ज्योत विझली, वायू मात्र सुटत राहिला. शेजारच्या बाईंना वास आला म्हणून अनर्थ टळला. त्याच आठवड्यात पतीने गॅसची शेगडी उचलून ठेवली आणि ओट्यावर काळ्या काचेची, दोन प्लेटची विजेची शेगडी बसवली. तेव्हापासून भाकऱ्या कडक होतात, बटण बंद केल्यावरही दूध उतू जाते, फोडणी करपते, भाजी एका जागी लागते आणि कडेला कच्ची राहते, स्वयंपाकाला दीडपट वेळ लागतो आणि विजेचे बिल वाढले आहे. सासूबाई ओट्याकडे फिरकत नाहीत, आणि एरवी दीड भाकरी खाणाऱ्या त्या आता अर्धी ताटात ठेवून उठतात. पतीचे म्हणणे असे की सगळे जग या शेगड्या वापरते, तुलाच शिकायचे नाही. भगिनी विचारतात : ‘गॅस परत आणण्याचा हट्ट धरू, की निमूटपणे हेच चालवून घेऊ? तीस वर्षे रांधले, आता या वयात माझ्या हाताची चव गेली का?’

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पत्रातील खरे दुःख त्याच ओळीत आहे. तुमच्या हाताची चव गेलेली नाही. गेली आहे ती तुमच्या डोळ्यांना दिसणारी खूण. गॅसवर रांधणारी बाई आच डोळ्यांनी मोजते. ज्योत भांड्याच्या बुडाशी कशी टेकली आहे हे पाहता पाहताच तिचा हात बटणावर जातो, आणि तीस वर्षांत हे पाहणे आणि फिरवणे इतके एकजीव होते की आपण काही मोजतो आहोत हे तिच्या ध्यानातही राहत नाही. काळ्या काचेने तुमच्यापासून ही खूण एका दिवसात काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही दिली नाही. अशा वेळी कोणाचीही फोडणी करपेल. यात वयाचा काही संबंध नाही, आणि तुम्हाला शिकायचे नाही हा आरोप तर मला अजिबात मान्य नाही.

तुमच्या शेगडीत काय घडते ते एकदा समजून घेऊ या, कारण तुमच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच आहे. काचेखाली विजेची कॉइल असते. ती तापून लाल होते, तिची उष्णता काचेतून वर येते आणि काचेला टेकलेल्या भांड्याच्या तळाला मिळते. आच कमी केली की गॅसची ज्योत लहान होते, तशी ही कॉइल मंद होत नाही. ती काही वेळ पूर्ण तापते, काही वेळ पूर्ण बंद होते आणि पुन्हा तापते. बटण जितके खाली, तितका बंद राहण्याचा वेळ जास्त. त्यामुळे मध्येच लाली गेली म्हणजे शेगडी बिघडली असे नव्हे, आणि लाली दिसली म्हणजे आच मोठी आहे असेही नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बटण बंद केले तरी कॉइल आणि काच यांत साठलेली उष्णता लगेच जात नाही, ती पुढे बराच वेळ भांड्यात चढत राहते. तुमचे दूध बटण बंद केल्यावर उतू जाते ते याच साठलेल्या उष्णतेमुळे.

आता तुमच्या पत्रातील एका गृहीतकाकडे वळते. आच म्हणजे गॅसची ज्योत आणि ती जशी वागते तशीच प्रत्येक आच वागायला हवी, असे तुम्ही नकळत धरून चालला आहात. गॅस आपल्या घरात येऊन फार काळ झालेला नाही. इंडेनचा पहिला घरगुती सिलिंडर १९६५ साली कोलकात्यात पोहोचला, आणि आपल्या सांगली-साताऱ्याच्या गावांमधील ओट्यापर्यंत गॅस यायला त्यानंतर कित्येक वर्षे गेली. तुमच्या सासूबाई त्याआधीच कामाला लागण्याच्या वयाच्या होत्या, म्हणजे त्यांचा हात बहुधा चुलीवर तयार झालेला असणार. चुलीला बटण नव्हते. आच कमी करायची तर लाकूड मागे ओढायचे, आणि तेवढ्यानेही निखाऱ्यांची धग जात नसे, म्हणून भांडेच उचलून वैलावर, म्हणजे चुलीच्याच धगीवर मंद तापणाऱ्या शेजारच्या तोंडावर, सरकवायचे. भात शिजत आला की चूल विझण्याची वाट कोणी पाहत नसे. भात उतरवून झाकून ठेवत किंवा मागे राहिलेल्या धगीवर मुरू देत. विजेच्या प्लेटचे वागणे गॅसपेक्षा या चुलीशी अधिक जुळते. ती हळू तापते, हळू निवते आणि मधल्या काळात तुमच्या बटणाचे फारसे ऐकत नाही. तुम्ही गॅसचे नियम तिला लावता म्हणून ती आडमुठी वाटते. चुलीचे नियम लावून पाहा. मी साताऱ्यातील माझ्या स्वयंपाकघरात सहा वर्षे अशीच शेगडी वापरते आहे, आणि पहिल्या काही महिन्यांत माझीही तुमच्यासारखीच कोंडी झाली होती. ती सुटली ती आजीचा वैल आठवल्यावर.

दोन प्लेटपैकी एक मोठ्या आचेवर ठेवा आणि दुसरी अगदी खालच्या आचेवर, म्हणजे एक चूल आणि एक वैल. आमटीला उकळी आली की बटण फिरवत बसू नका, पातेले उचलून दुसऱ्या प्लेटवर ठेवा. दूध मध्यम आचेवर तापवा आणि साय फुगून वर चढू लागताच पातेले प्लेटवरून पूर्णपणे उचला. त्यासाठी शेगडीशेजारी लाकडी पाट किंवा स्टीलची जाळी कायमची ठेवून द्या, म्हणजे गरम पातेले हातात धरून जागा शोधावी लागणार नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या हव्या असतील तर दुसरी झाल्यावरच बटण बंद करा, तिसरी साठलेल्या उष्णतेवर आपोआप येईल. पालेभाजी, पोहे, उपमा यांची आच चार-पाच मिनिटे आधीच बंद करून झाकण ठेवावे. फोडणीच्या बाबतीत मात्र क्रम बदलावा लागतो. तेल तापले, मोहरी तडतडली की भांडे प्लेटवरून उचलून जाळीवर घ्या आणि मगच हिंग, हळद, कढीपत्ता घाला. सांगलीच्या हळदीचे कौतुक करणाऱ्या घराला हे सांगायला नको, पण हळद करपली की तिचा कडवटपणा सगळ्या भांड्यात उतरतो, आणि गॅसवर ज्योत बंद करून जे साधत होते ते इथे भांडे उचलल्याशिवाय साधत नाही.

आता भांडी. भाजी मध्ये लागते आणि कडेला कच्ची राहते, या तक्रारीचे उत्तर बहुधा तुमच्या मांडणीवर आहे. गॅसची ज्योत भांड्याच्या बाजूंना वेढते, त्यामुळे गोल बुडाची कढई आणि पोचे पडलेले जर्मनचे पातेलेसुद्धा तिच्यावर चालून जाते. काचेची शेगडी फक्त टेकलेल्या भागाला नीट उष्णता देते. बूड सपाट नसेल तर भांडे दोन-तीन ठिकाणीच टेकते, तिथे भाजी लागते, बाकीची कच्ची राहते, आणि उरलेली उष्णता वाया जाऊन वेळ आणि बिल दोन्ही वाढतात. एक जाड बुडाचे स्टीलचे पातेले, एक सपाट बुडाची कढई आणि एक सपाट तवा, एवढी तीन भांडी घेतली तरी तुमच्या अर्ध्या तक्रारी मिटतील असे मला वाटते. भांड्याचे बूड प्लेटच्या वर्तुळाएवढे असावे. जर्मनची भांडी काचेवर ओढू नका, त्यांचे करडे डाग पडतात. बिडाचा तवा सरकवू नका, ओरखडे पडतात. पुरण शिजवताना किंवा गुळाचा पाक करताना काचेवर थेंब सांडला तर प्लेट बंद करून तो गरम असतानाच खरवडणीने जपून काढावा लागतो, कारण साखर थंड होऊन चिकटली की काढताना काचेचे टवके निघू शकतात. इतर डाग मात्र शेगडी निवल्यावरच पुसावेत.

भाकरीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरातील अर्धी भाकरी ताटात राहते आहे आणि मला तीच गोष्ट सगळ्यांत जास्त लागली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. तिची भाकरी मऊ राहते ती आत कोंडलेल्या वाफेमुळे, आणि वाफ कोंडण्यासाठी सुरुवातीची आच कडक लागते. तवा पुरेसा तापलेला नसेल तर भाकरी शिजण्याआधीच सुकू लागते. पाणी निघून जाते, पापुद्रा सुटत नाही आणि हातात येते ती कडक चकती. गॅसवर तवा दोन मिनिटांत तापतो आणि तीच सवय तुमच्या हातात आहे. इथे सपाट लोखंडी तवा पाच-सहा मिनिटे तापू द्यावा लागतो, आणि पहिली भाकरी टाकण्यापूर्वी त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून ते नाचत उडून जातात का हे पाहावे लागते. ज्योत दिसत नाही तेव्हा हे थेंब तुमच्या डोळ्यांचे काम करतील. पीठ ताजे दळलेले आणि गरम पाण्याने मळलेले असावे, हे तुम्हाला माहीत आहेच. जतकडचा शाळू मिळाला तर उत्तमच. थापलेली भाकरी तव्यावर टाकून वर पाणी फिरवल्यावर ते सुकू लागताच उलटा, त्याहून अधिक थांबू नका. दुसरी बाजू नीट शेकू द्या, मग पुन्हा उलटून, स्वच्छ सुती फडक्याची घडी करून कडा हलक्या दाबत भाकरी तव्यावरच फिरवा. वाफ एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने पापुद्रा वर येतो. चुलीवर तव्यातून काढलेली भाकरी निखाऱ्यांसमोर उभी करत, गॅसवर आपण ती थेट ज्योतीवर धरतो. तिसऱ्या भाजण्याचे ते काम इथे फडक्याने करायचे. काही जणी पायांची जाळी दुसऱ्या लाल झालेल्या प्लेटवर ठेवून तिच्यावर भाकरी फुगवतात. तेही जमते, पण तुमच्या शेगडीच्या माहितीपत्रकात त्याला मनाई नाही ना हे आधी पाहा आणि जाळी काचेवर घासली जाऊ देऊ नका. दोन भाकऱ्यांच्या मध्ये प्लेटची आच कमी करण्याचा मोह टाळावा, कारण एकदा निवलेला तवा पुन्हा तापायला वेळ लागतो. सगळ्या भाकऱ्या ओळीने थापून, एका दमात उरकणे चांगले.

काही गोष्टी या शेगडीवर होत नाहीत हेही स्पष्ट सांगते. भरताचे वांगे तव्यावर तेल लावून भाजता येते, परंतु ज्योतीवर साल करपून जो धुरकट वास येतो तो येत नाही. पापड तव्यावर दाबून भाजता येतो, तरी आचेवरच्या पापडासारखा तो फुलत नाही. हे नुकसान खरे आहे, आणि ते बोलून दाखवल्याबद्दल तुम्हाला कोणी हट्टी म्हणू नये. उलट बाजूला, खपली गव्हाची खीर, आटवायचे दूध, अख्खा मसूर असे मंद आचेवर तास-दोन तास चालणारे पदार्थ खालच्या आचेच्या प्लेटवर फार चांगले होतात, आणि सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर पंखा चालू ठेवून स्वयंपाक करता येतो, जे ज्योतीपुढे कधीच शक्य नव्हते. ज्योत नसल्यामुळे गॅस जळताना खोलीत पसरणारे वायूही नसतात. दमा असलेल्या वाचकांनी हा मुद्दा विशेष विचारात घ्यावा.

आता तुमच्या पतीच्या बाजूचे गृहीतक तपासते. गॅस काढला म्हणजे आई सुरक्षित झाली, असे त्यांना वाटते. त्यांची भीती खरी होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचत जातो, आणि विझलेल्या ज्योतीचा वायू खोलीत पसरला की विजेचे एक बटण दाबणेही पुरेसे असते. (असा वास आला तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक प्रत्येक घरात दिसेल असा लिहून ठेवावा.) विजेच्या शेगडीने हा धोका संपला, हे मान्य. पण काळी काच गरम आहे की गार हे ७९ वर्षांच्या डोळ्यांना कळणार कसे? बंद केलेल्या प्लेटवर हात टेकला, पदराचे टोक पडले किंवा प्लॅस्टिकचा डबा ठेवला गेला तर काय होईल? आणि दूध विसरणारे माणूस तेल तापत ठेवूनही विसरू शकते, व फार तापलेल्या तेलाला पेट घ्यायला ज्योत लागत नाही. तेव्हा धोका घटला आहे आणि त्याचे रूप बदलले आहे, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

सासूबाईंना घरात एकटे असताना चहा किंवा दूध गरम करता यावे अशी इच्छा असेल, तर त्या एवढ्याच कामासाठी वेळ लावता येणारी एका भांड्याची इंडक्शन शेगडी अधिक सुरक्षित ठरते. तिच्यात उष्णता भांड्याच्या तळातच निर्माण होते, काच फक्त भांड्यामुळे तापते, भांडे उचलताच ती थांबते आणि लावलेली वेळ संपली की स्वतःहून बंद होते. तिला चुंबक चिकटणाऱ्या बुडाची भांडी लागतात, म्हणून जुने पितळी किंवा जर्मनचे पातेले चालत नाही. सासूबाईंना पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. मोठी शेगडी मात्र घरात त्या एकट्या असताना भिंतीवरच्या मुख्य बटणापासूनच बंद असावी.

एक आणखी बोलायचे आहे. दूध ठेवून विसरणे आपल्यापैकी प्रत्येकीकडून घडलेले आहे. सासूबाईंकडून ते एकदाच घडले की अलीकडे नावे, दिवस, औषधाच्या वेळाही विसरल्या जातात, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. विसराळूपणा वाढत असेल तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार अशी उपचार होऊ शकणारी कारणेही त्यामागे असू शकतात. आणि ते एकदाच घडले असेल, तर एका पातेल्याभर दुधासाठी त्यांना साठ वर्षांच्या ओट्यावरून उठवले गेले, असे त्यांना वाटत असणार. त्यांची अर्धी भाकरी केवळ कडकपणामुळे उरते की या दुखावलेपणामुळे, याचा विचार करा.

बिलाचा हिशेब करू या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो आणि त्यातील उष्णता विजेच्या मापात मोजली तर सुमारे १८० युनिट होते. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, परंतु घरात ज्योत भांड्याबाहेर जाते, वारा लागतो, बर्नरची छिद्रे बुजलेली असतात, म्हणून मी ५५ ते ६० टक्केच धरते. म्हणजे एका सिलिंडरमधील साधारण १०० ते १०८ युनिट उष्णता प्रत्यक्ष भांड्यात उतरते. तेवढीच उष्णता तुमच्या काचेच्या शेगडीतून मिळवायची तर, भांडी सपाट बुडाची असल्यास, सुमारे १४५ ते १५५ युनिट वीज लागेल. इंडक्शनवर ती १२० ते १२५ युनिटपर्यंत भागेल. तुमचा सिलिंडर ४५ दिवस पुरत असे असे धरले, तर महिन्याला १०० युनिटची भर पडते. महावितरणचे घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० युनिट अशा टप्प्यांनी चढतात, आणि ही भर तुमच्या आधीच्या वापराच्या वर बसत असल्यामुळे तिला वरच्या टप्प्याचा दर लागतो. त्या दराने १०० युनिटचे पैसे काढा आणि सिलिंडरच्या किमतीच्या दोन तृतीयांश रकमेशी ताडून पाहा. तुमच्या घराचे खरे उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. ज्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा निघेल.

याच ओघात वायरिंगविषयी विचारते, कारण शेगडी त्याच आठवड्यात बसली हे वाचून मला काळजी वाटली. दोन्ही प्लेट मिळून साडेतीन हजार वॉट घेत असतील, तर २३० व्होल्टला १५ अँपियरहून अधिक प्रवाह वाहतो. हा भार मिक्सरच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर टाकणे धोक्याचे आहे. शेगडीसाठी बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारे बटण), नीट अर्थिंग आणि गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपियरचे उपकरण, एवढे परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. सॉकेट किंवा प्लग हाताला गरम लागत असेल तर ते होईपर्यंत शेगडी वापरू नका. बिलावर छापलेला मंजूर भारही पाहा आणि कमी असेल तर वाढवून घ्या. संध्याकाळी स्वयंपाक विशेष रेंगाळत असेल तर विजेचा दाब मोजून घ्यावा. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर अशा कॉइलची उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते, आणि अशा वेळी कितीही कुशल बाई असली तरी तिचा तवा तापणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न : गॅस परत आणावा की नाही. तुम्ही दोनच वाटा लिहिल्या आहेत, हट्ट किंवा निमूटपणा. मला तिसरी अधिक योग्य वाटते. रोजचे दूध, कुकर, चहा, भाजी-आमटी विजेवर राहू द्या. ती चार कामे नव्या सवयीने तीन-चार आठवड्यांत हातात बसतील. सोबत एकाच बर्नरची गॅस शेगडी ठेवा, परंतु ज्योत विझताच वायू आपोआप बंद करणारी सोय असलेलीच. त्या सोयीमुळे तुमच्या घरी घडला तसा प्रसंग टळतो. ती शेगडी भाकरी, पापड, वांगे यांच्यासाठी आणि तुम्ही ओट्यापाशी उभ्या असतानाच पेटेल, आणि काम संपताच रेग्युलेटर तुमच्याच हाताने बंद होईल. नळीवर छापलेली मुदत तपासून घ्या. गॅसची जोडणी मात्र परत करू नका. सांगलीकरांना कारण सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. अशा दिवसांत वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि वीज नसलेल्या घरात मुलांसाठी भात शिजवायला दुसरे साधन असलेच पाहिजे. कोयनेच्या खोऱ्यात, पाटण-महाबळेश्वरकडे राहणाऱ्या वाचकांनी तर पावसाळ्यात केवळ विजेवर विसंबूच नये.

पतीशी बोलताना शेगडी चांगली की वाईट हा वाद घालू नका, त्यातून काही निघणार नाही. त्यांना एवढेच सांगा की आठवडाभर सकाळचे दूध, चहा आणि कुकर तुम्ही करा, मी शेजारी उभी राहते. ज्याने शेगडी निवडली त्याच्या हाताला ती कशी लागते हे त्यालाही कळायला हवे, आणि बटण बंद केल्यावर फुगणारे दूध एकदा स्वतः पाहिले की ‘तुलाच शिकायचे नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी पुन्हा येईल असे मला वाटत नाही. मुलालाही यात घ्या. मागे राहणाऱ्या धगीचा अंदाज त्याला तुमच्यापेक्षा लवकर येईल, कारण त्याला गॅसची सवय मोडायची नाही.

सासूबाईंना मात्र शेगडी शिकवायला जाऊ नका. त्यांना विचारा की चुलीवर दूध उतू जाऊ नये म्हणून त्या काय करत, वैलावर काय ठेवत, भाकरी निखाऱ्यांपुढे किती वेळ उभी करत. त्या जे सांगतील त्यातील बरेचसे या प्लेटवर जसेच्या तसे लागू पडेल, आणि ते करताना त्या ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसल्या तर भाकरी कधी उलटायची हे तुम्हाला त्यांच्याकडूनच कळेल. त्यांनी नको म्हटले तर आग्रह करू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

नवा तवा घ्यायला पेठेत जाल तेव्हा मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी सोबत न्या. तवा उलटा धरून त्याच्या बुडावर ती उभी टेकवा आणि दुकानाच्या दाराशी उजेडात पाहा. पट्टीखालून उजेड दिसला तर तो तवा ठेवून दुसरा मागा. जमले तर सासूबाईंनाही बरोबर न्या. तव्याचा जाडपणा आणि वजन त्यांनी हातात घेऊन पाहावे, आणि त्या म्हणतील तो घ्या.